वाट चुकलेले पाहुणे : तुमचे अनुभव लिहा

जून जवळ आला की किनाऱ्यावरच्या मित्रांचे फोटो यायला लागतात. एरवी जमिनीचं तोंड न पाहणारा कुठलासा समुद्रपक्षी वाळूत बसलेला असतो आणि खाली प्रश्न, ‘हे काय आहे?’ तुम्हालाही असा परमुलखातला पक्षी दिसला असेल तर लिहा. ओळख कशी पटली आणि पुढे त्याचं काय झालं, तेही लिहा. हे पुढचं बहुतेक वेळा राहूनच जातं.

रत्नागिरीहून
मे २०२१, तौक्ते वादळ नुकतंच वर गुजरातकडे सरकलं होतं. शेजारची पोरं धावत आली, “काका, पुळणीवर मोठं बदक पडलंय!” जाऊन बघतो तर मास्क्ड बूबी. पांढरं अंग, पंखांची मागची कड काळी, डोळ्यांभोवती काळा मुखवटा, भाल्यासारखी पिवळट चोच. हिंदी महासागरातल्या दूरच्या बेटांवर घरटी करणारा हा पक्षी. चावेल म्हणून कुणीतरी त्याची चोच सुतळीनं बांधली होती. ती मी आधी सोडली. बूबीच्या नाकपुड्या बाहेरून बंद असतात. पाण्यात सूर मारताना त्याचा फायदा होतो, पण श्वास तोंडावाटेच घ्यावा लागतो. चोच आवळली तर जीव गुदमरतो. कृपा करून हे कोळीवाड्यांत, शाळांत सांगा.

काहीजण त्याला परत समुद्रात सोडायला निघाले होते. थकलेला पक्षी लाटांत टिकत नाही. भोकं पाडलेल्या खोक्यात, अंधारात ठेवला आणि वनखात्याला फोन केला. तोंडात पाणी ओतू दिलं नाही. तरीही दुसऱ्या दिवशी तो गेला. छातीचं हाड हाताला टोचत होतं, म्हणजे उपासमार बरीच आधीपासूनची. वाईट वाटलं, अजूनही वाटतं.

बॉस्टनहून
आमचा पाहुणा स्टेलरचा समुद्रगरुड. मूळ कामचटका आणि ओखोत्स्क समुद्राकडचा, हिवाळ्यात जपानच्या होक्काइदोपर्यंत येणारा. हा मात्र ऑगस्ट २०२० मध्ये अलास्कात खूप आतल्या भागात दिसला, मार्च २०२१ मध्ये टेक्सासात, मग पूर्व कॅनडात, आणि डिसेंबरात आमच्या टॉन्टन नदीवर. पक्षी एकच, हे पंखांवरच्या पांढऱ्या खुणा फोटोंत जुळवून ठरवलं गेलं! म्हणून माझा आग्रह असतो, फोटो धूसर असला तरी टाकू नका. उडताना पसरलेल्या पंखाचा मिळाला तर उत्तमच.

थंडीत कुडकुडत उभे होतो. बाल्ड ईगल, म्हणजे इथला पांढऱ्या डोक्याचा गरुड, शेजारी आला तेव्हा ह्याचं आकारमान कळलं, आणि ती पिवळीधमक चोच! अनोळखी माणसं एकमेकांना दुर्बीण देत होती.

पुण्याहून
फेब्रुवारी २०२१, आसामातलं मागुरी-मोटापुंग बील, म्हणजे पाणथळ तळं. पूर्व आशियातल्या मँडरिन बदकाचा नर! त्या भागातली याआधीची नोंद १९०२ सालची. आदल्याच वर्षी शेजारच्या बागजानला तेलविहिरीत स्फोट होऊन आग लागली होती, त्यामुळे त्या पाण्यावर तो तरंगताना बघून फार बरं वाटलं. नावाड्यानं नाव लांबच थांबवली, जवळ चला म्हणणाऱ्यांना ठाम नकार दिला.

धागाकर्ता
मँडरिन लोक पाळतात, त्यामुळे असा पक्षी दिसला तर पायात कडं आहे का, पंख छाटलेत का, हेही बघून लिहा. बूबीची माहिती मी किनाऱ्यावरच्या सगळ्या गटांत पाठवतो आहे. गोव्याकडचं कुणी आहे का इथे?