भरलेली नळी कुठे मिळते? मुंबई आणि मुंबईबाहेरचे अनुभव लिहा

चिंचपोकळीकर

लोअर परळच्या एका चकचकीत हॉटेलात परवा नल्ली निहारी मागवली, म्हणजे रात्रभर मंद शिजवलेला मांसाचा रस्सा आणि त्यात नळी, मगज भरलेलं हाड. हाड ऐटीत उभं आलं, वर आल्याच्या काड्यांचा तुरा. ताटलीवर ठोकलं, चमच्याच्या दांड्यानं कोरलं, शेवटी लाजलज्जा सोडून तोंड लावून ओढलं. आत पोकळी. वेटर म्हणाला, "सर, वो ग्रेव्ही में घुल गया." घुललं असेलही, पण मग बिलात नल्लीचे पैसे वेगळे का लावले?

म्हणून हा धागा. नळी खरोखर भरलेली कुठे मिळाली ते सांगा. ऐकीव नको, खाल्लेलं लिहा. 'छोटे का' (शेळी-मेंढीचं) की 'बडे का' (म्हशी-रेड्याचं) हे स्पष्ट लिहा, कारण इथे दोन्ही खाणारे आहेत आणि एकालाच हात लावणारेही आहेत. किती वाजता गेलात तेही सांगा. माझ्या मते निम्मा निकाल तिथेच लागतो.

सुरुवात मी करतो. भेंडीबाजारातलं नूर मोहम्मदी. १९२३ सालचं हॉटेल. भिंतीवर हुसेनचं चित्र, मेन्यूत संजय दत्तच्या नावाचं चिकन, त्यामुळे फोटो काढणारी गर्दी बरीच. त्यांना चिकन संजूबाबा खाऊ द्या, आपण निहारी सांगायची. रस्सा दाट, तांबूस, जिभेवर सुंठ आणि बडीशेप हळूच जाणवते. नळी हवी असेल तर बसल्या बसल्या आधी तेच विचारायचं: "नल्ली है क्या?" हो म्हणाले तरच पुढची ऑर्डर. मांस कशाचं आहे हेही तिथेच विचारून घ्या. या भागात हा प्रश्न रोजचाच, कुणी वाईट मानत नाही.

सुरीवाला

आमचं वडिलोपार्जित मटणाचं दुकान आहे, त्यामुळे वेटरच्या 'घुल गया'बद्दल थोडं बोलतो. तो खोटं बोलत नव्हता. नळीतला मगज म्हणजे बहुतांश चरबीच. रात्रभर खदखदणाऱ्या पातेल्यात हाड गटांगळ्या खात राहिलं की मगज सुटतो आणि रश्श्यात जातो. रस्सा झकास होतो, हाड रिकामं होतं. जाणता बावर्ची ताटात घालायच्या नळ्या वेगळ्या ठेवतो, उशिरा सोडतो आणि उकळी फुटू देत नाही. म्हणजे भरलेली नळी ही मसाल्यापेक्षा आचेची करामत.

दुसरं, हाड कुठलं ते बघा. मागच्या पायाच्या मांडीचं हाड जाड, त्याची पोकळी मोठी. पुढच्या पायाचं बारीक, त्यात काडी घालून काय कोरणार? गिऱ्हाईक नुसतं "नळी द्या" म्हणतं. "मागच्या पायाची, मधली" असं म्हणा, मग दुकानदारही समजून घेतो की समोरच्याला कळतं.

तिसरं, कड. सत्तूरनं तोडलेल्या हाडाला कपच्या निघतात, त्या दातात आणि हिरडीत जातात. करवतीनं कापलेलं हाड सपाट असतं. हॉटेलात ताटलीत नळी आली की आधी कडेवरून बोट फिरवा. घरी करणार असाल तर दोन्ही तोंडांना कणकेचा गोळा दाबून लावा आणि कुकर नको, जाड बुडाचं पातेलं घ्या.

तांबडापांढरा

एवढा खटाटोप कशाला, मी म्हणतो? दादर-परळच्या कुठल्याही कोल्हापुरी नाहीतर मालवणी खानावळीत जा, मटणाची थाळी सांगा आणि गल्ल्यावर बसलेल्या माणसाला म्हणा, "मालक, नळीचा पीस बघा जरा." चेहरा ओळखीचा असेल तर शंभर टक्के येतो. पांढरा रस्सा वाटीभर, नळी त्यात बुडवून ओढायची. निहारीत इतका मसाला की नळीची चव लागते कुठे?

चिंचपोकळीकर

@तांबडापांढरा, थाळीत नळी आली तर लॉटरी. मला ऑर्डर देऊन मिळणारी हवी आहे.

पहाटेची पाळी

माझगावच्या बाजूला एका रुग्णालयात रात्रपाळी करते. सकाळी सुटल्यावर बरोबरच्या सिस्टरबरोबर भेंडीबाजारातल्या बोहरी मोहल्ल्यात बारा हंडी खायला जाणं हे आमचं ठरलेलं. ती तिथलीच, मी डोंबिवलीची. पहिल्यांदा तिनंच नेलं.

सुरती बारा हंडी पाहिली नसेल तर सांगते. एक ओटा, त्यात मोठाल्या हंड्या गळ्यापर्यंत पुरलेल्या, खाली निखारे. रात्रभर मंद शिजतं. प्रत्येक हंडीत वेगळा माल: एकीत पाया, एकीत नळी, एकीत पिचोटा म्हणजे शेपटी, एकीत नुसतं मांस. ओट्यावर बसलेला माणूस तुमची मागणी ऐकतो आणि पळी या हंडीतून त्या हंडीत फिरवत ताटली भरतो. मेन्यू वाचण्यापेक्षा त्याचा हात बघा. आमची सिस्टर म्हणते, "नल्ली मिक्स, ऊपर से थोडा पाया का." पायाचा रस्सा चिकट, नळीचा तुपकट, दोन्ही एकत्र आले की खमीरी (आंबवलेल्या पिठाची) रोटी ओठाला चिकटते. नळी ताटलीत येते ती ओट्यावरच ठोकून, मगज रश्श्यावर सुटा. हाड हवं असेल तर आधी सांगायचं. मी हाड मागते. ठोकायची मजा मी का सोडू?

कारण आमच्या घरी रविवारच्या मटणात नळी बाबांना, मग दादाला, मग धाकट्याला. पाहुणे जावई आले तर त्यांना. आईला नळी आवडते की नाही हे मला इतकी वर्षं माहीत नव्हतं. दिवाळीच्या आधी तिला घेऊन गेले. म्हाताऱ्या माणसाला सकाळी साडेसातला भेंडीबाजारात नेलं म्हणून दादा चिडला. आईनं दोन नळ्या खाल्ल्या आणि ओट्यावरच्या माणसाला विचारलं की मिरी किती घालता. तो म्हणाला, "अम्मा, वो तो मालिक जाने."

हे सगळं 'बडे का', म्हणजे म्हशी-रेड्याचं. आईला आधीच सांगितलं होतं. ती म्हणाली, "गाय नाही ना? मग ठीक."

बायकांसाठी वेगळं सांगते: सकाळी तिथे बायका कमी दिसतात, पण त्रास मला कधी झाला नाही. कोपऱ्यातलं बाक रिकामं करून देतात.

कायदेकानू

वर 'बडे का'चा विषय निघाला म्हणून. मार्च २०१५ पासून महाराष्ट्रात गाईबरोबर बैल आणि वळूच्या कत्तलीवरही बंदी आली. त्याआधी बैलाचं चालायचं. म्हैस-रेड्यावर बंदी नाही, त्यामुळे आज मुंबईत बडे का म्हणजे तेच. जुने खाणारे म्हणतात की तेव्हापासून नळीची चव बदलली. मी तेव्हा शाकाहारी होतो, त्यामुळे मत नाही.

गटारीवीर

खमीरी गरम असतानाच संपवा. गार झाली की वादी. बाकी सगळं वर आलंय.

यमुनापार

नोकरीमुळे दिल्लीत आहे, मूळचा साताऱ्याचा. इथे जामा मशिदीच्या आसपास निहारी हा सकाळचा आणि संध्याकाळचा असा दोन वेगळ्या लोकांचा खेळ आहे. गली कबाबियानमधलं करीम सर्वांना माहीत असतं, १९१३ सालचं. तिथे मटणाची निहारी सकाळीच खायची. पर्यटक दुपारी जातात, कोर्मा खातात आणि निहारी खाल्ली असं सांगतात.

पण नळीसाठी मी डिलाइट सिनेमाच्या मागे, छत्ता लाल मियाँमधल्या कल्लू निहारीवाल्याकडे जातो. तिथे बडे का, आणि संध्याकाळी. भांडं उघडायच्या आधीच लोक डबे घेऊन उभे असतात, आणि एकदा उघडलं की बघता बघता तळ दिसतो. तिखट आहे, मुंबईच्या निहारीपेक्षा बरंच. बसायची व्यवस्था जेमतेम. नळी आणि भेजा वरून घालून मागतात. उभ्यानं, हातावर रोटी धरून, नळी ठोकायला जागा नसते. म्हणून लोक हाताच्या मुठीवर दुसऱ्या हातानं हाणतात. हे शिकायला थोडा वेळ लागतो, शर्टाची आशा सोडावी लागते.

पुरानी दिल्लीत काही दुकानं कालच्या निहारीतली थोडी आजच्या भांड्यात घालतात, तिला तार म्हणतात. आमच्याकडे विरजण ठेवतात तसंच. ज्यांना हे ऐकून कसंसं होतं त्यांनी खाण्याआधी विचारू नये.

भागानगरी

हैदराबादेत निहारी म्हटलं की मुंबईवाल्यांचा अपेक्षाभंग ठरलेला. इथली नहारी पातळ, पाया आणि जिभेची, कणीक लावून दाट केलेली नसते. पहाटे खातात, चार कोनी नानबरोबर. पुरानी हवेलीजवळचं मुन्शी नान १८५१ पासून हे नान भाजतंय, तिथून नान घेऊन जायचं. चव अप्रतिम, पण चमच्यानं कोरून काढायची नळी शोधत असाल तर गाडीभाडं वाया घालवू नका.

पथ्यपाणी

डॉक्टर आहे, रसभंगाबद्दल माफी. "नळीनं हाडं मजबूत होतात" हे माझ्या दवाखान्यात रोज ऐकतो. कॅल्शियम हाडात असतं, मगजात नाही. मगजात चरबी. महिन्यातून एखादी नळी खाऊन कुणी मरत नाही, पण आठवड्याला बारा हंडी आणि वर "औषध म्हणून खातो" हे चालणार नाही. मला स्वतःला मटणाची आवडते. दोन मिरच्या आणि लिंबू पिळून.

सुरीवाला

डॉक्टरसाहेब, लिंबू बरोबर. लिंबाशिवाय तिसऱ्या घासाला तोंड मिटतं.

टूटिंगचा पांडू

ठाण्याचा, सध्या लंडनमध्ये. इथे नळीचं एकच देऊळ: स्मिथफील्डच्या मटणबाजाराशेजारी सेंट जॉन नावाचं हॉटेल. शेफ फर्गस हेंडरसननं १९९४ मध्ये सुरू केलं. जनावर मारलंय तर नाकापासून शेपटीपर्यंत सगळं खा, हा त्याचा बाणा. आपल्या खाटीकगल्लीत हे कुणाला सांगावं लागत नाही, इथे त्याचं केवढं कौतुक झालं.

ताटात वासराच्या नळीचे उभे तुकडे येतात, भट्टीत भाजलेले. सोबत भाजलेला पाव, जाडं मीठ आणि पार्स्लीची कोशिंबीर, तिच्यात बारीक लाल कांदा आणि केपर नावाच्या आंबट कळ्या. लांब दांड्याचा चमचा देतात. मगज पावावर काढायचा, मीठ भुरभुरायचं, वर कोशिंबीर. मसाला शून्य. पहिल्या वेळी मला वाटलं, यात काय आहे? मग लक्षात आलं की आपण इतकी वर्षं नळीबरोबर मसालाच चाखत होतो. @तांबडापांढरा, तुमच्या पांढऱ्या रश्श्याचा मुद्दा इथे येऊन पटला.

भाजल्यामुळे मगज सुटत नाही, हलतो पण जागेवर राहतो. म्हणजे रिकाम्या नळीची भीती नाही. वासराचं आहे हे परत सांगतो. ज्यांना चालत नाही त्यांनी टूटिंगला यावं, पाकिस्तानी हॉटेलांत मेंढीच्या पिंढरीची निहारी मिळते. मांस मऊसूत असतं, पण नळी नेमकी कशी निघेल ते स्वयंपाकघरातल्या चाचांच्या मूडवर.

तांबडापांढरा

@पांडू, तोंडात साखर पडो. नाही, मीठ पडो.

नवी मुंबईकर सून

वांद्रे, लोअर परळच्या नव्या हॉटेलांत हल्ली लंडनसारखी भाजलेली नळी 'बोन मॅरो' म्हणून देतात. लांबीत चिरलेलं हाड, वर काहीतरी हिरवं, कधी खिमा. चव वाईट नसते. पण दोन तुकड्यांच्या पैशात भेंडीबाजारात चौघं जेवतात आणि वर ताजचं हातानं फिरवलेलं आईस्क्रीमही होतं. एक मात्र मान्य: माझ्या सासूबाई भेंडीबाजारात पाय ठेवणार नाहीत, तिकडे मात्र नटून येतात. नळी पोचली सासूबाईंपर्यंत, हेच खूप.

दुसरी फॅशन नल्ली बिर्याणीची. भातावर हाड उपडं करून मगज पाडायचा, तेवढ्यात व्हिडिओ. भात आधीच तुपकट, त्यात हे. मला झेपली नाही.

पिढीजात भाडेकरू

मी भेंडीबाजारातच लहानाचा मोठा झालो, कामाठीपुऱ्याच्या बाजूला शाळा. एक सांगू का, लवकर जाऊन या. सैफी बुऱ्हाणी ट्रस्टचा पुनर्विकास साडेसोळा एकरांवर चालू आहे, सुमारे अडीचशे जुन्या इमारती त्यात. ज्या गल्लीत डोळे मिटून चालायचो तिथे आता पत्रे आणि क्रेन. माणसांना चांगली घरं मिळतायत, त्याबद्दल तक्रार नाही, आमचा जिना कधीही कोसळला असता. पण जमिनीत पुरलेल्या हंड्यांचा ओटा टॉवरच्या तळमजल्यावर कसा बसवणार, धूर कुठे काढणार? गॅसवरची बारा हंडी मी एका ठिकाणी खाल्ली आहे. हंड्या बाराच होत्या.

रमजानबद्दल कुणी लिहिलं नाही. रमजानात मिनारा मशिदीच्या गल्लीत मालपुवा, फिरनी, कबाब खायला जरूर या. नळीसाठी येऊ नका. एवढ्या गर्दीत कुणाला मंद आच सांभाळायला सवड नसते, आणि तुम्हालाही हाड ठोकायला कोपर हलवता येत नाही. थंडीतली, डिसेंबर-जानेवारीची सकाळ सगळ्यात उत्तम.

नवखा कल्याणकर

दादा, कल्याणहून येतोय, रविवारी. उतरायचं कुठे? आणि बाबांची गाडी घेऊन आलो तर?

पिढीजात भाडेकरू

लोकलनं ये. सँडहर्स्ट रोडला उतर, तिथून चालत. गाडी आणलीस तर भायखळ्याकडून येताना जेजे उड्डाणपुलावर चढू नकोस. चढलास की भेंडीबाजार खालीच राहतो आणि थेट क्रॉफर्ड मार्केटला उतरशील. खालच्या रस्त्यानं आलास तरी पार्किंग नाहीच, म्हणून परत सांगतो, लोकल. साडेसातच्या आत पोच, सुटे पैसे ठेव, पांढरा शर्ट घालू नकोस.

नवखा कल्याणकर

साडेसातच्या आत म्हणजे मला पाचची घ्यावी लागेल!

पहाटेची पाळी

पाच वीसची घेतलीस तरी चालेल. मी रविवारी सुटतेच आहे, ओट्याजवळ असेन. हाड हवं की सुटा मगज, ते आत्ताच ठरवून ये, तिथे विचार करत उभं राहिलं की मागचे ओरडतात.