अनुभव : दुखण्यात तारणाची (देवानं आपल्याला वाचवल्याची) खात्री डळमळली तेव्हा

नगरची थोरली
काल उपासनेत बायबलातलं रोमकरांस 8 (पौलाच्या पत्राचा आठवा अध्याय) वाचलं आणि आई आठवली. शेवटी शेवटी तिला मॉर्फीन चालू होतं. आम्हा भावंडांकडून वचनं घोकून घेणारी बाई, एका रात्री मला म्हणते, "प्रार्थनाच सुचेना गं. सुटला की काय माझा हात?" मी योहान 10 काढलं. येशू म्हणतो, माझ्या मेंढरांना माझ्या हातातून कोणी हिसकावून घेणार नाही, आणि पुढच्याच वचनात पित्याचाही हात. म्हटलं, आई, मेंढरानं काय धरलंय ते इथं लिहिलेलंच नाही. तिनं जरा विचार केला. "मग ती उशी सरळ कर," म्हणाली.
तुमच्याकडचं सांगा. मंडळीपुढे देतो तसली साक्ष नको, घरातलं.

रात्रपाळी
वॉर्डातून लिहितेय, चुका पोटात घाला. खूप विश्वासू माणसंही घाबरतात हो. आणि नातेवाईक वर "विश्वास कमी पडतोय" म्हणतात! त्यांना आधी बाहेर काढावंसं वाटतं. एका आजोबांना स्तोत्र 23 नको होतं, 88 वाच म्हणाले. ते अंधारातच संपतं, शेवटी उजेड नाहीच. वाचून झाल्यावर म्हणाले, हे बायबलात आहे म्हणजे माझंही चालेल. बेल वाजली, जाते

रात्रपाळी
त्यांना नंतर चहा हवा होता, साखरेचा. शुगर 300 😄

वसईचा पाव
आम्ही कॅथलिक, त्यामुळे "खात्री" म्हणताना जीभ जरा अडखळते. आमच्यात आशा धरायची, शेवटपर्यंत टिकायची कृपा मागायची. रोझरीत, म्हणजे जपमाळेच्या प्रार्थनेत, मरणाच्या घटकेसाठी रोज विनंती करतोच. पण बाबांना फादरांनी आजाऱ्याला लावतात ते पवित्र तेल लावलं तेव्हा त्यांचा चेहरा बघून मला तरी तुमच्या-आमच्यात फार फरक वाटला नाही.

जालन्याची सून
फरक बघायचा तर आमच्या घरी या. सासरे मेथॉडिस्ट, त्यांच्या मते माणूस तारणापासून ढळू शकतो. माहेरचे म्हणतात एकदा मिळालं की मिळालं. दर नाताळला करंज्या तळताना हाच वाद. धाकटा दीर अपघातात गेला, तो चर्चला जायचा बंद झाला होता. त्या वर्षी कोणी वाद घातला नाही. सासरेच म्हणाले, त्याचा न्याय करणारा आपल्यापेक्षा दयाळू आहे.

थोरली
@जालन्याची सून 🙏 काय बोलू.

केडगावचा जावई
पंडिता रमाबाईंचं आठवतं. मनोरमा 1921 च्या जुलैत गेली, बाई स्वतः 5 एप्रिल 1922 ला. एकुलती एक लेक गेल्यावरही बायबलच्या भाषांतराचं काम त्यांनी सोडलं नाही. आमच्या सासूबाई हे प्रत्येक रडणाऱ्या माणसाला ऐकवतात. खरं सांगू? ताज्या दुःखात नाही ऐकवत. रमाबाई व्हायला सगळ्यांना जमत नाही, आणि तारण त्यावर अवलंबूनही नाही.

वसईचा पाव
जावईबापू सासूबाई हे वाचत नाहीत ना? 😂

केडगावचा जावई
त्यांच्याकडे साधा फोन आहे. प्रभूची कृपा.

अभंगवाला
मी ख्रिस्ती नाही, आगाऊपणा वाटला तर सांगा. तारण आधीच मिळालंय तर मग दुखणं कशाला राहतं?

थोरली
आगाऊपणा कसला. रोमकरांस 8 मध्येच आहे, सगळी सृष्टी अजून कण्हतेय, बाळंतवेणांसारखी. पौल दुःख टळेल म्हणत नाही. संकट, उपासमार, तलवार अशी यादीच देतो आणि यातलं काहीही आपल्याला ख्रिस्ताच्या प्रेमापासून वेगळं करणार नाही म्हणतो. का राहतं याचं उत्तर मलाही त्यात सापडलेलं नाही.

अभंगवाला
आमच्या तुकोबांनीही विठ्ठलाला कमी ऐकवलेलं नाही. समजलं थोडं.

पिंपरी आयटी
पप्पांना डिमेन्शिया. माझं नाव गेलं, येशूचंही गेलं. पाळकांनी विचारलं, तुमचा तारणारा कोण? पप्पा म्हणाले, "साहेब, तुम्हीच सांगा." मम्मी रडली. मला त्या दिवसापासून एकच पटलंय, त्यांनी लक्षात ठेवण्यावर हे चालत असतं तर आमचं संपलंच होतं. रेव्हरंड ना. वा. टिळकांचं ख्रिस्ती भजन लावलं की मात्र हातानं ताल धरतात, बरोब्बर. टाळ आणलेत, शेजारी वैतागलेत.

जालन्याची सून
टाळ कुठून घेतले? आमच्या मंडळीला हवेत, जुन्यांची दोरी सारखी तुटते.

पिंपरी आयटी
आळंदीत. दुकानदारानं विचारलं कुठली दिंडी 😄 दोरी जाड मागून घ्या.