मांडवीवर टोल मागणाऱ्यांनी आधी साडेआठला पर्वरीत उभं राहावं

म्हापशेकार (धागाकर्ता)

काल इथे आल्तिनो यांनी टाकलेला लेख बहुतेकांनी वाचला असेल. गोव्यात पणजीला येताना मांडवी नदीवर जे तीन पूल लागतात त्या तिन्हींवर टोल लावा, गोव्याची जीए पाटी सोडून बाकी पाट्यांना दुप्पट लावा, लंडन-न्यूयॉर्कने हेच करून रस्ते मोकळे केले, आपणच तेवढे मागास. खाली 'अगदी मनातलं बोललात' म्हणणाऱ्यांची रांग. तिथेच प्रतिसाद लिहायला घेतला होता, पण राग त्या चौकटीत मावेना.

साहेब, सकाळी साडेआठला गिरी गावापासून पुलापर्यंत गाड्या कोणाच्या असतात ते एकदा बघा. दिल्लीचा पर्यटक त्या वेळी कळंगुटात घोरत असतो. रांगेत आपण असतो. म्हापशाचे, थिवीचे, पेडण्याचे. सचिवालयात, बँकेत, शाळेत पोचायचंय म्हणून निघालेले, आणि एका गाडीत एक माणूस. राज्याची वस्ती पंधरा लाखांच्या आसपास आणि नोंदलेल्या गाड्याही जवळपास तेवढ्याच. त्यात पुलाच्या अलीकडे पर्वरीच्या पाच किलोमीटरच्या उड्डाणपुलाच्या कामाने रस्त्याची चाळण केली. पाहुण्याला टोल लावून यातलं नेमकं काय सुटणार?

आता नाक्याचं गणित. महामार्गाची एक लेन तासाला दीड-दोन हजार गाड्या सोडते. रोख घेणारी खिडकी सोडते अडीचशे-तीनशे. फास्टॅगने वेग वाढला, पण ज्याच्या टॅगमध्ये पैसे नाहीत असा एक महाभाग पुढे आला की मागचे पन्नास अडकतात. दिल्ली-गुडगाव हद्दीवर सिरहौलला बत्तीस लेनचा नाका होता, तरी कोंडी हटेना, शेवटी २०१४ मध्ये तो काढला. पर्वरीत बत्तीस लेन कुठे बसवणार, विधानसभेच्या आवारात?

आणि सगळ्यात मजेची गोष्ट. हा एनएच ६६, टोलचे नियम केंद्राचे. नाक्यापासून २० किलोमीटरच्या आत राहणाऱ्याला खासगी गाडीसाठी महिन्याचा स्वस्त पास मिळतो. मांडवी पुलावर कंपासचं टोक ठेवा आणि वर्तुळ काढा. म्हापसा आत, डिचोली आत, वास्कोसुद्धा आत. म्हणजे जे कोंडी करतात ते सगळे पासवाले, आणि टोल भरणार तो, जो दुपारी बाराला उठून पणजी बघायला येतो.

लंडनने २००३ मध्ये शहराच्या मध्यभागात शिरणाऱ्या गाडीला दिवसाला ५ पौंड लावले, २०२० मध्ये त्याचे १५ झाले. न्यूयॉर्कने जानेवारी २०२५ पासून मॅनहॅटनच्या ६० व्या रस्त्याच्या दक्षिणेला ९ डॉलर लावले. दोन्हीकडे गाडी घरी ठेवली तरी पायाखाली रेल्वे धावते. आपल्याकडे म्हापसा-पणजी कदंबची, म्हणजे सरकारी बसची, शटल आहे, ती बरी आहे, मान्य. पण रात्री आठनंतर स्टँडवर उभं राहा, मग बोलू.

आल्तिनो

म्हापशेकारबाब, एवढं लिहिलंत, पण माझा लेख नीट वाचायचं तेवढं राहिलं. मी खिडक्या बांधा म्हटलेलं नाही. वर कमान, कमानीवर कॅमेरा, खालून गाडी न थांबता जाते. गोल्डन गेट पुलावर २०१३ पासून रोख घेणारा माणूस नाही. लंडनच्या बाहेर डार्टफर्डला २०१४ मध्ये सगळ्या खिडक्या उखडल्या. तुम्ही अजून सुट्ट्या पैशांत अडकलाय.

आणि स्टॉकहोमचं नाव घेतलं नाहीत. ते शहर बेटांवरचं, पुलांनी जोडलेलं, आपला पणजीचा तिसवाडी तालुका जसा. २००६ मध्ये सात महिने शुल्काचा प्रयोग केला, हद्दीवरची रहदारी सुमारे पाचव्या हिश्शाने घटली. आधी शिव्या घालणाऱ्यांनीच सप्टेंबरात मतदानात हो म्हटलं. आपल्याकडे कोणी मतदान घेणार नाही, कारण आपल्याला रस्ता, पूल, पार्किंग, सगळं फुकट हवं.

म्हापशेकार

शुल्क लावायच्या आधी, २००५ मध्येच, स्टॉकहोमने सुमारे २०० नव्या बस रस्त्यावर आणल्या. हे तुम्ही सोयीने गाळलंत.

डार्टफर्डचं पुढचंही मीच सांगतो. पुलाचं कर्ज फिटलं की टोल जायचा होता. कर्ज फिटलं. मग २००३ पासून गर्दी आवरण्यासाठी म्हणून तोच टोल नव्या नावाने चालू. गर्दीही चालू.

बांदेकर०७

तुमचं लंडन-स्टॉकहोम चालू द्या. मला फक्त 'जीए सोडून बाकींना दुप्पट' यावर बोलायचंय.

मी बांद्याचा. पाटी एमएच-०७. नोकरी गोव्यात. रोज पत्रादेवीची हद्द ओलांडतो, माझ्यासारखी अर्धी सावंतवाडी ओलांडते. तुमच्या कारखान्यांत, हॉटेलांत, विमानतळावर कामाला कोण येतं असं वाटतं? २०१३ मध्ये परराज्यातल्या गाड्यांवर प्रवेश कर लावला होतात, तेव्हा काय झालं आठवतं ना? सिंधुदुर्गात रान पेटलं होतं. कोंडी काही कमी झाली नाही. नाक्यावर एक नवी झाली, बस्स.

इकडे ओसरगावला टोलनाका, तिकडे तुमचा दुप्पट. मध्ये राहणाऱ्याने काय उडत जायचं?

फोंडेकरीण

दुप्पट काय, तिप्पट लावा. चवथीत आमच्या गल्लीत स्वतःची गाडी लावायला जागा नसते, सगळ्या एमएच आणि केए. बांबोळीच्या सरकारी हॉस्पिटलात केसपेपरच्या रांगेत आमच्यापुढे कोण उभे असतात तेही पाहिलंय. बांदेकर, तुम्हाला आमची हॉस्पिटलं हवीत, नोकऱ्या हव्यात, आणि पुलाचे चार पैसे द्यायचे म्हटलं की रान पेटतं?

बांदेकर०७

काकू, बांबोळीला २०१८ पासून आम्ही पैसे भरतो. फुकट नाही येत. माझ्या आईवर तिथेच उपचार झाले, डॉक्टर देवमाणूस होते, त्यांना कधी पाटी विचारावीशी वाटली नाही.

आणि फुकटाचाच हिशेब काढायचा तर सकाळी नळ उघडता तेव्हा काढा. तिळारीचं धरण आमच्या सिंधुदुर्गातल्या दोडामार्गात आहे. बार्देशात पाणी कुठून येतं ते म्हापशेकारांना विचारा.

फोंडेकरीण

मी फोंड्याची. आम्ही ओपाचं पाणी पितो. आणि तिळारीच्या खर्चाचा मोठा वाटा गोव्याने उचललाय, उपकार नाही केलेत.

बांदेकर०७

खर्च उचललात. माझ्या आजोळचं घर कुठल्या खर्चात धरता? ते आज पाण्याखाली आहे. मामा शेवटपर्यंत कालव्याकडे पाठ करून बसायचा. कालवा फुटला की तुमच्या पेपरात बातमी येते 'बार्देशात पाणीटंचाई'. ज्याच्या बागायतीत ते पाणी घुसलं त्याची बातमी आतल्या पानावर, आलीच तर.

पेडण्याचो पाटील

ह्या दोडामार्गवाल्यांनीच २०१८ मध्ये आम्हाला गोव्यात घ्या म्हणून मागणी केली होती ना? घेतलं असतं तर आज पाटी जीए झाली असती, टोलही एकपट. संधी घालवलीत रे.

बांदेकर०७

मी बांद्याचा आहे, दोडामार्गाचा नाही. भूगोल जरा शिक. आणि 'रे' कोणाला म्हणतोस?

पेडण्याचो पाटील

तुलाच. पाटीवरून माणूस ओळखतो मी.

संपादक

एकेरी बंद करा, दोघांनीही. हा धागा मांडवीच्या कोंडीवर आहे. तिळारीसाठी वेगळा धागा काढा. (काढू नका, मागच्या वेळचं भांडण अजून मिटलेलं नाही.)

डोंबिवली ते डिचोली

मुंबईत वीस वर्षं नाक्यांवर काढून इथे आलोय, त्यामुळे दोन्ही बाजूंना थोडं टोचतो.

टोलविरोधकांना: टोल काढला म्हणजे रस्ता मोकळा होतो हे विसरा. मुंबईच्या पाच प्रवेशनाक्यांवर ऑक्टोबर २०२४ पासून छोट्या गाड्यांना माफी आहे. त्यानंतरही दहिसरला मी ताटकळलोच, कारण खिडक्या जागेवर होत्या, अवजड गाड्या पैसे भरायला थांबत होत्या आणि मागचे सगळे त्यांच्या नावाने हॉर्न वाजवत होते. दिल्ली-नोएडाचा डीएनडी रस्ता कोर्टाने २०१६ मध्ये फुकट केला. फुकट म्हटल्यावर जे आधी दुसरीकडून जायचे तेही तिथेच आले.

टोलवाल्यांना: कमान-कॅमेरा ऐकायला छान. एकदा गाडी घरात असताना माझ्या टॅगमधून कुठल्याशा नाक्याचे पैसे कापले गेले. बँकेचं नाव घेत नाही, परत मिळायला पावसाळा उलटला. आणि केरळात पालियेक्करा नाक्याचं प्रकरण ऑगस्ट २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टात गेलं, तेव्हा न्यायालयानेच विचारलं की बारा तास अडकून राहणाऱ्याने दीडशे रुपये कशाचे द्यायचे. मांडवीवर तोच प्रश्न पहिल्या दिवशी येईल.

काळीपाटी

मूळ प्रश्नाला कोणी हातच लावत नाही. काळ्या पाटीच्या भाड्याच्या गाड्या बंद करा. चौकात मधेच थांबून मोबाईलवर रस्ता बघतात. झालं. दुसरं काही करायची गरज नाही.

म्हापशेकार

@काळीपाटी, साडेआठला? चौथ्यांदा लिहितो, पर्यटक तेव्हा झोपलेले असतात.

दिवाडकर

सगळे पुलावरच भांडताय म्हणून लिहितो. स्कॉटलंडात स्काय बेटाला १९९५ मध्ये पूल झाला. झाल्याबरोबर फेरी बंद, आणि पुलावर टोल. बेटावरच्या लोकांनी भरायला नकार दिला, खटले अंगावर घेतले, पण हटले नाहीत. डिसेंबर २००४ मध्ये सरकारला टोल रद्द करावा लागला. जायला दुसरी वाट नसेल तर टोल ही खंडणीच.

आमच्या दिवाडी बेटाला अजून पूल नाही. फेरीला दुचाकी फुकट. २०२३ मध्ये पैसे लावायला निघाले होते, लोकांनी आरडाओरडा केला, मागे घेतलं. ५ जुलै १९८६ ला मांडवीचा पहिला पूल कोसळला तेव्हा याच फेरीबोटींनी तुमची पणजी चालवली. वडील तेव्हा पलीकडच्या बेतीहून यायचे. पावसात छत्री उघडायलाही जागा नसायची म्हणत, पण कामावर वेळेत पोचायचे. पणजी-बेतीला आज फेऱ्या दुप्पट करा, बेतीच्या धक्क्यावर पार्किंग द्या, मग बघा किती दुचाक्या पुलावरून उतरतात. अटल सेतूवर २०१९ पासून दुचाकींना तशीही मनाईच आहे.

आल्तिनो

फेरी! २०२२ च्या डिसेंबरात नवा झुआरी पूल उघडला नसता तर कुठ्ठाळीला अजून दोन-दोन तास बसला असतात. जग पुढे गेलं, आपण बोटीत.

दिवाडकर

झुआरीचा नवा पूल झाला तो टोल न लावता. तुमच्या लेखात हे उदाहरण कुठे दिसलं नाही.

डोंबिवली ते डिचोली

+१. हे मात्र लागलं.

आल्तिनो

बरं. बांद्याला सूट, कारण तिळारी. म्हापशाला पास, कारण २० किलोमीटर. दिवाडीला फेरी फुकट, दुचाकीला अटल सेतूच बंद. उरला कोण? मी. पणजीतल्या आल्तिनो टेकडीवरून चालत खाली उतरतो. माझ्याकडूनच घ्या टोल.

म्हापशेकार

घेऊ, पावतीसकट.

आता थट्टा बाजूला. तुमच्या लेखातली एक गोष्ट मला खटकली नव्हती, ती म्हणजे गर्दीच्या वेळी एकट्या माणसाच्या गाडीला काहीतरी चिमटा बसायला हवा. तो पैशांचाच कशाला? सकाळी आठ ते दहा पर्वरी ते पणजी एक लेन फक्त बससाठी राखून ठेवा. बस पुढे गेलेली दिसली की कारवाला आपोआप विचार करेल. त्यासाठी कमान नको, कॅमेरा नको, केंद्राचा नियम नको. निवेदन लिहितोय. सही कराल?

आल्तिनो

म्हणजे कारवाल्याची एक लेन काढून घेणार. माझ्या टोलपेक्षा जास्त शिव्या तुम्हाला पडतील, तेवढं बघायला मजा येईल. करतो सही. पण नव्या बस आधी दिसल्या पाहिजेत, स्टॉकहोमचा धडा तुमचाच.

बांदेकर०७

बस बांद्यापर्यंत येणार असेल तर मीही करतो. पाटी विचारणार नसाल तर.

फोंडेकरीण

आणि फोंड्याचं काय? जुन्या गोव्याहून येणारी बस रायबंदरला अडकते ती दिसत नाही कोणाला? निवेदन आलं की बार्देशचंच. मी नाही सही करत.