मदत हवी आहे: मिलानचा बर्गामो विमानतळ आई-बाबांना झेपेल का?

आई-बाबा पहिल्यांदाच युरोपात येतायत, माझ्याकडे पोर्तुगालमधल्या पोर्तोला. दिल्ली ते मिलान तिकीट झालंय, संध्याकाळी तिथल्या मालपेन्सा विमानतळावर उतरतील. पुढचं सगळ्यात स्वस्त विमान दुसऱ्या दिवशी सकाळचं, रायनएअरचं, आणि ते सुटतं बर्गामोहून. साइटवर दोन्हीकडे 'मिलान'च लिहिलेलं असतं, पण मालपेन्सा शहराच्या वायव्येला, बर्गामो ईशान्येला, मध्ये साधारण ८० किलोमीटर!

बाबांचा गुडघा दुखरा आहे, जिने नकोच. मला सुट्टी नाही, नाहीतर घ्यायला आलो असतो. स्वस्तातल्या विमानतळावर बसायला जागा, व्हीलचेअर वगैरे धड असतं का? रात्र कुठे काढावी? तेवीस-तेवीस किलोच्या दोन बॅगा आहेत.

प्रतिसाद १
स्वस्तातला म्हणजे एस.टी. स्टँड समजू नका. रायनएअर २००२ मध्ये तिथे आली आणि विमानतळ वाढतच गेला. २०२४ मध्ये १.७ कोटींवर प्रवासी, इटलीत रोम-फ्युमिचिनो आणि मालपेन्सा यांच्यानंतर तिसरा नंबर. गर्दी मात्र त्याच मापाची, सकाळी तर विचारू नका.

रात्र बर्गामोच्या बाजूलाच काढा. मालपेन्साहून रेल्वेने मिलानो चेंत्राले, म्हणजे शहरातलं मुख्य स्टेशन, तिथून बसने तासाभरात विमानतळ. टर्मिनलसमोर हायवेपलीकडे ओरियोसेंटर नावाचा भलामोठा मॉल आहे, पादचारी भुयारातून जाता येतं. जेवण, औषधं, बसणं सगळं तिथे उरकतं.

प्रतिसाद २
व्हीलचेअरची काळजी सोडा. युरोपीय महासंघाच्या ११०७/२००६ नियमाप्रमाणे ही मदत फुकट द्यावीच लागते, विमानतळ कुठलाही असो. फक्त ४८ तास आधी विमानकंपनीला कळवा, आणि कळवताना 'जिने चढता येत नाहीत' हे स्पष्ट लिहा. रायनएअरच्या बऱ्याच बोइंग ७३७ ना पुढच्या दाराशी स्वतःचाच जिना असतो. तो उघडला की माणसं पायीच चढतात, वेळ आणि पैसा वाचतो. तुम्ही लिहिलंत तर बाबांना उचलगाडीने दारापर्यंत नेतील. नुसतं 'व्हीलचेअर' लिहिलं तर जिन्याच्या पायथ्याशी सोडायचे.

दुसरं म्हणजे मोबाइल. नोव्हेंबर २०२५ पासून रायनएअरला बोर्डिंग पास ॲपमध्येच लागतो. चेक-इन तुम्ही घरून करा आणि ॲप आईच्या फोनवर घालून द्या. चेक-इन झालेलं असेल आणि फोन बंद पडला, तर विमानतळावर पास फुकट देतात. चेक-इनच राहिलं तर मात्र भुर्दंड.

प्रतिसाद ३
बॅगांचं विसरलात का? दोन तिकिटं वेगळी, म्हणजे सामान आपोआप पुढे जाणार नाही. मालपेन्साला पट्ट्यावरून उचला, रेल्वेत चढवा, बसमध्ये टाका, पुन्हा काउंटरला द्या. दुखऱ्या गुडघ्याने? शिवाय रायनएअरच्या मूळ भाड्यात फक्त सीटखाली मावेल अशी छोटी पिशवी येते, बाकी सगळ्याचे वेगळे पैसे. ते धरून हिशेब करा, मग स्वस्त म्हणा. इझीजेट या दुसऱ्या स्वस्त विमानकंपनीचा तळ मालपेन्सालाच आहे, तिथून पोर्तो बघितलंत?

धागाकर्ता
नव्हतं बघितलं, आत्ता बघितलं. बॅगांचे पैसे मिळवल्यावर रायनएअर आणि इझीजेटच्या तिकिटांतला फरक तसाही निम्म्यावर आलाय. रात्र मालपेन्साजवळच्या हॉटेलात काढतील. व्हीलचेअरचं तिथेही असंच ना?

प्रतिसाद २
हो, नियम तोच. फक्त इझीजेट टर्मिनल २ वरून सुटते आणि दिल्लीचं विमान टर्मिनल १ ला लागतं. मध्ये फुकट बस आहे. हॉटेल घेताना त्यांची गाडी कुठल्या टर्मिनलला सोडते ते विचारून घ्या.