मदत हवी आहे: बैलावरचे वाक्प्रचार (आजच पाहिजेत)

तासगावकर: बैल या शब्दाचे अर्थ आणि वाक्प्रचार पाहिजेत. गूगलवर नुसते पोळ्याच्या शुभेच्छांचे फोटो येतायत. लवकर सांगा.

विट्याची सून: कशासाठी? शाळेचं असेल तर इयत्ता सांगा. आणि किती पाहिजेत?

माणदेशी: पोळा कुठला आणलात? आपल्याकडं बेंदूर, आषाढात. पोळा श्रावणी अमावस्येला, तो तिकडं मराठवाडा-विदर्भात.

तासगावकर: सणाचं विचारलं नाही हो!

विट्याची सून: घ्या. घाण्याचा बैल: दिवसभर राबून तिथल्या तिथंच. नंदीबैल: कशालाही मान डोलावणारा. बैल गेला अन् झोपा केला: वेळ निघून गेल्यावर उपाय. नुसतं 'बैल' म्हटलं की मठ्ठ माणूस.

तासगावकर: यातला झोपा म्हणजे झोपच ना? पोराच्या वहीत वाक्य लिहून दिलंय: "बैल गेला आणि शेतकऱ्याने झोपा काढल्या."

शिवारातला: 😂 झोपा म्हणजे गोठ्याचं काट्याकुट्यांचं दार. आमच्या जुन्या गोठ्याला बाभळीच्या फांद्या आडव्या बांधलेला होता, ओढताना हात सोलून निघायचे. जनावर गेल्यावर दार केलं, असा अर्थ.

विट्याची सून: आणि झोप असती तर 'केली' आलं असतं, 'केला' नाही. खोडा ते वाक्य.

माणदेशी: वेसण घालणे, कासरा सैल सोडणे, जू झुगारणे हेही लिहा. खरी भाषा यात आहे.

विट्याची सून: यात बैल शब्द कुठाय? मार्क कापतील.

माणदेशी: मग वेसण काय कोंबडीला घालतात?

शर्यतवाला: खिलार घ्यायचा तर आधी दात बघा. आदत म्हणजे अजून दुधाचेच दात, दुसा म्हणजे दोन पक्के आले, चौसा म्हणजे चार. खरसुंडीच्या यात्रेत चांगली खोंडं येतात. 2023 मध्ये सुप्रीम कोर्टानं शर्यतींचा कायदा मान्य केल्यापासून भाव मात्र विचारू नका.

तासगावकर: मला बैल घ्यायचा नाहीये!! दहा वाक्प्रचार पाहिजेत, चारच झाले. गाई-म्हशीचे चालतील का?

विट्याची सून: दहा हे आत्ता सांगताय? चालतील का ते बाईंना विचारा. तोवर लिहून ठेवा: दुभत्या गाईच्या लाथा गोड. खाटकाला गाय धार्जिणी.

शर्यतवाला: म्हैस कुठली बघताय, मुऱ्हा का पंढरपुरी?