मांजरीच्या ऑपरेशननंतरचे दिवस : घरी काय काय केलंत?

आमच्या चिंगीचं नसबंदीचं ऑपरेशन पुढच्या आठवड्यात ठरलंय. माजावर येऊन रात्रभर ओरडून तिने अख्खी सोसायटी जागी ठेवली, तेव्हाच ठरवलं. डॉक्टरांनी सूचनांचा कागद दिलाय : दहा ते चौदा दिवस उड्या नकोत, टाके चाटू द्यायचे नाहीत, जखम कोरडी ठेवायची. सगळं मान्य, पण उडी मारू नकोस हे मांजरीला सांगणार कोण? ज्यांनी हे दिवस घरात काढलेत त्यांनी लिहा. पहिली रात्र, खाणं, शी-शूची माती, टाके चाटू नयेत म्हणून गळ्यात घालतात ती कॉलर, काहीही चालेल.

दादरहून

आमचं घर एका खोलीचं, वर माळा, आणि बाईसाहेबांचा मुक्काम कायम माळ्यावर. परळच्या बैलघोडा हॉस्पिटलमधून आणली तेव्हा मागचे पाय एकीकडे आणि पुढचे दुसरीकडे जात होते, तरी हट्ट शिडी चढायचाच. मग शिडीच काढून शेजारी ठेवली आणि ओळखीतून कुत्र्याचा मोठा पिंजरा उसना आणला. आत जुनी गोधडी. भूल पूर्ण उतरेपर्यंत मांजरीचं अंग गार पडतं, म्हणून कोमट पाण्याची बाटली टॉवेलात गुंडाळून पाठीशी ठेवली. नुसती बाटली लावू नका, गुंगीत चटका बसला तरी तिला सरकता येत नाही. डोळ्याच्या आतल्या कोपऱ्यातून पांढरा पडदा अर्ध्यावर आलेला पाहून आई घाबरली होती. ती तिसरी पापणी, सकाळी जागेवर गेली.

कोल्हापूरहून

कॉलर आमच्या राणीने एका तासात भिंतीवर आपटून काढली. सासूबाईंनी नातवाचं जुनं झबलं काढलं, पुढच्या पायांना भोकं होतीच, पोटावरून ओढून पाठीवर नाड्या बांधल्या. शेपटीकडची बाजू आखूड हवी, नाहीतर शू कपड्यावर होते आणि ओला कपडा टाक्यांना लागतो. पहिल्या दिवशी ती आडवी पडून राहिली, चालायलाच विसरली. ते दुखणं नव्हतं, झबल्याचा रुसवा होता. रोज सोडून टाके बघायचे आणि धुतलेलं दुसरं घालायचं.

नागपूरहून

झबलं गोड दिसतं हे खरं, पण आमच्याकडच्या मे महिन्यात मी ते घालणार नाही. शिवाय आमची मांजर कापडावरूनच चाटत बसायची आणि खालची जखम दिवसभर ओलसर. शेवटी कॉलरच, आणि त्यात मला क्रूर काही वाटत नाही. मऊ कापडी कॉलर मिळते, तिने झोपताना डोकं टेकता येतं. जेवणाची ताटली मात्र बशीसारखी उथळ घ्या, खोलगट वाडग्यात कॉलर अडकते.

एका दवाखान्यातली मदतनीस

मी जरा जास्त लिहिते, कारण त्याच त्या गोष्टी पुन्हा पुन्हा बघते.

मांजर दुखतंय म्हणून ओरडेलच असं नाही. पाठीला बाक काढून बसते, डोळे अर्धे मिटते, कान बाजूला पाडते, अंग चाटणं सोडते. असं दिसलं तर फोन डॉक्टरांना करायचा, घरातला औषधांचा डबा उघडायचा नाही. क्रोसिन म्हणजे पॅरासिटामॉल, आणि मांजरीच्या यकृताला ते निकामी करता येत नाही. रक्तातल्या तांबड्या पेशी ऑक्सिजन वाहीनाशा होतात, हिरड्या तपकिरी पडतात. एक गोळी जीव घ्यायला पुरते. ब्रुफेन आणि कॉम्बिफ्लामही तितकीच वाईट. दुखण्याचं औषध डॉक्टरांनी वजनावरून दिलं असेल तेवढंच, थेंब मोजून.

टाक्यांवर डेटॉल लावू नका, ते मांजरीला विषारी आहे आणि ती चाटणारच. हळद-तेलही नको.

टाक्यांखाली छोटी घट्ट गाठ लागली तर बहुतेक वेळा ती आतल्या दोऱ्याभोवतीची सूज असते, तरी एकदा दाखवून घ्या. वाढत जाणारी सूज, पाणी किंवा पू, वास, पांढरट हिरड्या, अख्खा दिवस शू न होणं, अख्खा दिवस अन्नाला तोंड न लावणं, यांतल्या कशालाही उद्यावर ढकलू नका. जाड मांजर उपाशी राहिली तर यकृतात चरबी साठायला लागते, ते प्रकरण ऑपरेशनपेक्षा महाग पडतं. शी दोन दिवस झाली नाही तर मात्र घाबरू नका, पोट आधीपासून रिकामं असतं.

ठाण्याहून

दोन मांजरी असणाऱ्यांनी वाचा. आमची थोरली धाकटीवर गुरगुरायला लागली, सख्ख्या बहिणी असून! दवाखान्याचा वास. धाकटीला बेडरूममध्ये बंद ठेवलं आणि दोघींची अंथरुणं अदलाबदल करत राहिलो. वास गेला, भांडण मिटलं. मातीऐवजी फाडलेले पेपर घातले, म्हणजे कण टाक्यांत जात नाहीत.

रत्नागिरीहून

आम्ही गल्लीतल्या मांजरी पकडून ऑपरेशन करून आणतो. त्यांना झबलं कोण घालणार? डॉक्टर कुशीवर बारीक चीर घेतात आणि विरघळणारे टाके घालतात, त्यामुळे टाके काढायला पुन्हा पकडावं लागत नाही, आणि जखम लांबूनच दिसते. पिल्लांना पाजणारी असेल तर कुशीच बरी, आचळं मध्ये येत नाहीत. भूल उतरून नीट खायला लागेपर्यंत पडवीतल्या पिंजऱ्यात, वरून चादर टाकून. अंधार केला की रानटी मांजरही शांत पडते. कानाचं टोक कापलेलं असतं ते ऑपरेशन झाल्याच्या खुणेसाठी, लोक उगाच हळहळतात.

ब्रिस्टलहून

इथेही पुष्कळ डॉक्टर कुशीवरच चीर घेतात. आमच्या सयामी जातीच्या मांजरीची तिथली लव परत आली ती गडद रंगाची. त्यांच्या केसांचा रंग कातडीच्या तापमानावर ठरतो, भादरलेली जागा गार राहते. पुढे रंग आपोआप फिका झाला.

धागाकर्ती, पुण्याहून

सगळ्यांचे आभार. झबलं शोधतेय, कॉलरही आणून ठेवलीय. पहिल्या रात्री जेवायला काय आणि किती द्यायचं?

दादरहून

पूर्ण शुद्धीवर आली, डोकं नीट धरून बसली की नेहमीच्या खाण्याचा पाव हिस्सा. उलटी झाली नाही तर काही तासांनी आणखी थोडं. दूध नको, पोट बिघडतं. आणि ताई, टाके निघाले की पुन्हा पूर्वीइतकं वाढू नका. या ऑपरेशननंतर भूक वाढते आणि गरज कमी होते. आमची आता शिडी चढताना धापा टाकते.