रोज सकाळचं 'आजचं वाचन': खरंच उपयोग होतो का?

तळातविकलेला: आमच्या गुंतवणुकीच्या ग्रुपवर रोज सकाळी 'आजचं वाचन' म्हणून दहा लिंका पडतात, वॉल स्ट्रीट, गिफ्ट निफ्टी (आपला बाजार कसा उघडेल याचा अंदाज देणारा), क्रूड म्हणजे कच्चं तेल, फेड म्हणजे अमेरिकेची मध्यवर्ती बँक आणि वर दोनचार मोठे लेख. दोन वर्षं इमानेइतबारे वाचलं, आता बंद केलंय. 4 जून 2024 ला लोकसभा निकालाच्या दिवशी सेन्सेक्स 4,389 अंकांनी आपटला आणि मी सकाळपासून हेच वाचत बसलो होतो की आता आघाडीचं सरकार, पीएसयू म्हणजे सरकारी कंपन्या संपल्या, परदेशी पैसा निघणार, आणि तीनच्या आत दोन फंडांतून पैसे काढायची रिक्वेस्ट टाकून मोकळा झालो, म्हणजे एनएव्ही (युनिटचा भाव) त्याच दिवसाची, नेमका तळ! 7 जूनला सेन्सेक्स परत विक्रमी उंचीवर. काहीच वाचलं नसतं तर काय बिघडलं असतं?

फाईलवाली: अरे पण विकलंस तू, लिंकेने नाही. माझं उलटं उदाहरण घे. मार्च 2023 मध्ये वित्त विधेयकात ऐनवेळी दुरुस्ती आली की 1 एप्रिलपासून घेतलेल्या डेट फंडांना (रोख्यांत पैसे लावणाऱ्या) इंडेक्सेशन, म्हणजे महागाई वजा करून कर लावणं, नाही, नफा सरळ आयकराच्या स्लॅबमध्ये. हातात जेमतेम आठवडा होता. रोजच्या वाचनात दिसलं म्हणून 31 मार्चच्या आत पैसे टाकले. महिन्यातून एकदा वाचणाऱ्याला कळलं तेव्हा गाडी सुटली होती.

नुसतीएसआयपी: आणि जुलै 2024 च्या बजेटमध्ये ते इंडेक्सेशनच काढून टाकलं की ताई 😄 एवढी धावपळ करून मिळालं काय?

फाईलवाली: 12.5% कराचा दर मिळाला. दोन वर्षांवर ठेवलेल्या जुन्या युनिटांना तो दर, नव्यांना स्लॅब. 30% स्लॅबवाल्याला विचार फरक किती पडतो ते.

नुसतीएसआयपी: बरं, हे मान्य. पण हे वर्षातून एकदा, बाकीचे 364 दिवस काय? क्रूड दोन डॉलरने हललं तर माझी दरमहाची एसआयपी हलते का?

येनकेनप्रकारे: जागतिक बातम्या मी नफ्यासाठी वाचतच नाही राव. 5 ऑगस्ट 2024 आठवा, जपानचा निर्देशांक निक्केई एका दिवसात 12.4% खाली, आपला सेन्सेक्स 2,222 अंक. बँक ऑफ जपानने 31 जुलैला व्याजदर 0.25% केला, येन वधारला, आणि ज्यांनी स्वस्त व्याजाने येन कर्जाऊ उचलून जगभर लावले होते ते सगळे एकदम दाराकडे पळाले, वर अमेरिकेतले नोकऱ्यांचे आकडे पण वाईट आले होते. हे माहीत होतं म्हणून त्या दिवशी मी शांत होतो. दुसऱ्या दिवशी निक्केई 10% वर.

तळातविकलेला: तुम्ही शांत राहिलात तो स्वभाव, वाचन नव्हे. मी पण कारणं वाचलीच होती की, जरा जास्तच वाचली होती! आता फक्त माझ्याकडच्या सहा कंपन्यांच्या शेअर बाजाराच्या एक्स्चेंजवरच्या घोषणा आणि तिमाहीला कॉनकॉलचं (व्यवस्थापनाच्या गुंतवणूकदारांशी होणाऱ्या फोन-चर्चेचं) ट्रान्स्क्रिप्ट, बास. प्रमोटरने, म्हणजे कंपनीच्या मूळ मालकाने, शेअर गहाण टाकले हे तिथे सरळ लिहिलेलं असतं, लेखात ते येईपर्यंत भाव पडून गेलेला असतो.

फाईलवाली: म्हणजे वाचन बंद नाही केलंस, लिंका बदलल्यास. मग धाग्याचं नाव बदल ना.

तळातविकलेला: बदलतो. आधी ग्रुप म्यूट करू दे, दहा वाजत आलेत.